वंशावळीची उलटतपासणी

घराण्याचा शोध घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला ठरलेला मिळतो. घरातल्या जुन्या पेटीत पाहा, भाऊबंदांपैकी कुणाकडे तरी वंशावळ असेलच. तिथे नसेल तर कुलवृत्तांत चाळा. तोही छापलेला नसेल तर नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांचे चोपडे आहेत, कोल्हापूर-बेळगावकडे वंशावळी सांगणारे हेळवी आहेत. एकदा वंशावळ हाती लागली की मुख्य काम झाले, असे धरले जाते. सातबारा, फेरफार, शाळेचा दाखला हे सगळे मागाहून जोडायचे कागद. फार तर दुजोरा देणारे. वंशावळ जितकी मागे जाईल तितकी ती भारी, आणि जिच्या डोक्यावर एखादा ऋषी किंवा राजा बसलेला असेल ती सगळ्यांत भारी.

हे मत बाळगणारी माणसे भोळी असतात असे नाही. त्यांचे म्हणणे असे की, वंशावळ घरच्यांनी घरच्यांसाठी लिहिली. परक्या कारकुनापेक्षा त्यांना आपले आजे-पणजे अधिक ठाऊक असणार. शिवाय श्राद्धपक्षाच्या निमित्ताने पूर्वजांची नावे दरवर्षी तोंडून जातात, त्यामुळे स्मरण ताजे राहते. आणि खोटे लिहून कुणाला काय मिळणार होते? यातला शेवटचा प्रश्न खरा कळीचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. खोटे लिहून मिळत होते; पुष्कळ मिळत होते. पाटीलकी मिळत होती, देशमुखी मिळत होती, मानपान, हक्क, इनामी जमीन, सगळे काही.

मराठी मुलखातल्या जुन्या वंशावळी पाहिल्या तर त्यांतल्या फार मोठ्या भागाचे मूळ वतनाच्या तंट्यात आहे. वतन वंशपरंपरा चाले, म्हणून वतनावर हक्क सांगणाऱ्याला वंश सांगावाच लागे. दोन तक्षिमांत, म्हणजे वाटेकरी शाखांत, तंटा लागला की वादी आणि प्रतिवादी आपापला करीना लिहून देत: आमचा मूळ पुरुष अमुक, त्याने गाव वसवला, त्याचे पुत्र इतके, वडील कोण आणि धाकटा कोण, मधे दुष्काळ पडला की दंगा झाला म्हणून आम्ही परागंदा झालो, मागे भाऊबंदांनी वतन दाबले. मग गोतसभा बसे, साक्षी होत, कधी दिव्य होई, आणि निकालाचा महजर लिहिला जाई. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरच्या १९५३ च्या ग्रंथात या सगळ्या रीतीची तपशीलवार मांडणी केली आहे. अलीकडे सुमित गुहा यांनी तर असे दाखवून दिले आहे की, मराठीतल्या इतिहासलेखनाची बरीचशी घडणच या वतनाच्या भांडणांनी केली. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली. त्यांतही करीने, महजर आणि निवाडपत्रे यांचा भरणा आहे.

तेव्हा करीन्यातली वंशावळ ही एका पक्षाची कैफियत असते. तिच्यात कोणाचे नाव आहे यापेक्षा ती कोणाविरुद्ध लिहिली हे आधी विचारायला हवे. वडीलपणाचा वाद असेल तर आपला पूर्वज थोरला आणि समोरच्याचा धाकटा ठरतो. समोरचा पक्ष पुरता उडवायचा असेल तर त्याचा पूर्वज मुतालिक, म्हणजे वतनाचे काम पाहणारा प्रतिनिधी, म्हणून ठेवलेला, नाहीतर लेकावळा, म्हणजे दासीपुत्र, असे लिहिले जाते. हा करीना जिंकलेल्या पक्षाच्या पेटीत दोनअडीचशे वर्षे राहतो, कुणीतरी त्याची बाळबोध नक्कल करतो, नकलेत भांडणाचा मजकूर गळतो आणि नुसती नावांची शिडी उरते. पुढच्या पिढीच्या हातात येते ती ‘आपली वंशावळ’. हरलेल्या पक्षाच्या घरातही तशीच एक शिडी असते, फक्त तिच्यातले भाऊ उलट्या क्रमाने जन्मलेले असतात!

यावर कुणी म्हणेल की, समोर प्रतिपक्ष आणि गोत बसलेले असताना इतके खोटे कसे खपेल? हा आक्षेप रास्त आहे आणि मी तो अर्धा मान्य करतो. गोतातल्या म्हाताऱ्यांना बाप, आजा, फार तर पणजा ठाऊक असे. तिथपर्यंत लबाडी पकडली जाई. त्यापलीकडे साक्ष द्यायला कोण होते? म्हणून करीन्यातल्या जवळच्या तीन-चार पिढ्या बहुधा टिकतात आणि वरच्या पिढ्या डळमळतात. आपल्याकडे विश्वासाची दिशा नेमकी उलटी आहे: ज्या टोकाला कागद सर्वांत कच्चा, त्याच टोकाचा अभिमान सर्वांत पक्का.

इंग्रजी अमलात हा प्रकार थांबला नाही, वाढला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपापल्या हक्कांचे पुरावे पुढे मांडावे लागले. मूळ इनाम कुणाला मिळाले आणि आजचा भोगवटादार त्याचा वंशज कसा, हे दाखवण्यासाठी घरोघर नव्याने वंशावळी तयार झाल्या. सरकार मात्र नुसत्या वंशावळीवर विसंबले नाही. माणसाने आणलेला कागद ते पेशवे दफ्तरातल्या हिशेबांशी ताडून पाही. पूर्वीच्या अमलात त्या इनामाची नोंद खरोखर चालू होती का, हे तपासत असे. पुण्याच्या त्या दफ्तरातल्या हजारो रुमालांपैकी (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांपैकी) बहुतेकांत हिशेब, झाडे, ताळेबंद असली कोरडी कागदपत्रे आहेत. कमिशनचा हेतू इनामे कमी करण्याचा होता, त्याबद्दल प्रेम वाटण्याचे कारण नाही. पण पद्धत म्हणून विचाराल तर ते कारकून आजच्या हौशी वंशशोधकापेक्षा शहाणे होते.

वंशावळ कधी लिहिली जाते याचा सर्वांत ठसठशीत नमुना मराठी मुलखाच्या बाहेर, तंजावरला आहे. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत मोठ्या लेखांत त्याची गणना होते. तो कोरवणारे सरफोजी राजे हे तंजावरचे आधीचे राजे तुळजाजी यांनी १७८७ साली दत्तक घेतलेले. तुळजाजी वारल्यावर त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी त्या दत्तकालाच हरकत घेतली. पंडितांची मते मागवली गेली, कंपनी सरकार मधे पडले आणि १७९८ साली सरफोजी गादीवर बसले. पुढच्याच वर्षी तह झाला आणि राज्यकारभार कंपनीकडे गेला. म्हणजे ज्याच्या वारसाहक्कावर अकरा वर्षे वाद चालला आणि ज्याच्या हाती किल्ल्यापलीकडे फारशी सत्ता उरली नव्हती, त्या राजाने वंशाचा वृत्तांत दगडात कोरवला. सरफोजी मोठे विद्वान आणि ग्रंथप्रेमी राजे होते, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या कीर्तीत त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या थोरवीला यात उणेपणा नाही. पण हक्क वादात सापडला की वंशावळ लांबते, एवढे त्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर कळायला हरकत नसावी.

दत्तकाचा विषय निघालाच आहे. धर्मशास्त्राने दत्तकाला औरसाच्या जागी बसवले आहे, त्यामुळे वंशावळीत त्याचे नाव सरळ रेघेत येणे शास्त्राला धरूनच आहे. घोटाळा होतो तो ती रेघ आपण रक्ताची समजतो तेव्हा. सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ साली ते बडोद्याला दत्तक गेले. राजर्षी शाहू हे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ साली कोल्हापूरला दत्तक आले. राजघराण्यांत हे उघड असते, कारण तिथे समारंभ होतो आणि खलिते जातात. साध्या घरात पुतण्या नाहीतर भाचा मांडीवर घेतला, दत्तविधान झाले, चार माणसे जेवली आणि पन्नास वर्षांनी ती गोष्ट सांगायला कुणी उरले नाही. तिथे वंशावळीत नुसता ‘पुत्र’ लिहिलेला असतो. अशा घरातला माणूस जेव्हा दहा पिढ्यांच्या अखंड रक्ताची गोष्ट सांगतो, तेव्हा तो शिडीलाच नाळ समजत असतो.

आता श्राद्धाच्या मुद्द्याकडे येऊ. पिंड कुणाकुणाला? बाप, आजा, पणजा, या तिघांना. आईकडचे तिघे धरले तरी उच्चार तीन पिढ्यांचाच. चौथा पुरुष पिंडातून सुटतो आणि नावानिशी स्मरणातूनही सुटतो. ज्या विधीने स्मरण राखले असे सांगतात, त्याच विधीने त्या स्मरणाला कुंपणही घातले आहे. राहता राहिले गोत्र. ते तर या कामी लंगडेच आहे. क्षत्रिय-वैश्यांनी पुरोहिताचे गोत्र-प्रवर धरावेत असे खुद्द विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरे’त म्हटले आहे. मग गोत्रावरून भटजीच्या पूर्वजापर्यंत पोचाल, स्वतःच्या नव्हे.

नावांचा आणखी एक खोडा आहे. नातवाला आज्याचे नाव ठेवण्याची चाल इतकी पक्की की राणोजी बिन तुकोजी, तुकोजी बिन राणोजी, पुन्हा राणोजी बिन तुकोजी अशी माळ चालते. नक्कल करणाऱ्याची नजर एका राणोजीवरून दुसऱ्यावर घसरली की मधल्या दोन पिढ्या नाहीशा होतात. उलट, एकाच राणोजीचे दोन कागद दोन माणसांचे समजले की दोन पिढ्या वाढतात. एका पिढीला पंचवीस ते तीस वर्षे धरली तर शिवराज्याभिषेकापासून आजवर बारा ते चौदा पिढ्या होतात. कुणी बावीस पुरुष सांगू लागला किंवा सातांतच राज्याभिषेक गाठला, तर आधी हा गुणाकार करावा.

सनांचीही तीच गत. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७१. पण कुठला सन? सुहूर धरला तर इसवी सन १७७०-७१ येते, फसली धरला तर नऊ वर्षे मागे जाऊन आपण पानिपताच्या सालात पोचतो. आणि ‘आमचा पूर्वज पानिपतावर होता’ हे वाक्य ऐकायला इतके गोड आहे की ती नऊ वर्षे कुणी परत मोजत नाही.

मग विश्वास ठेवायचा कशावर? माझे म्हणणे असे की, ज्या कागदाला तुमच्या पूर्वजाच्या पूर्वजांशी काहीही कर्तव्य नव्हते, तोच कागद आधी पाहावा. महजराचेच घ्या. त्याच्या पोटातली पाटलाची वंशावळ बाजूला ठेवा आणि शेवटाकडे वळा. तिथे साक्षीला आलेले बलुतेदार आहेत. लिहिता न येणाऱ्याने आपल्या धंद्याची खूण केलेली असते. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, तशी ज्याची त्याची. शेजारी नाव, बापाचे नाव आणि गाव. त्या न्हाव्याला त्या पाटीलकीतून काही मिळायचे नव्हते. तो त्या दिवशी त्या गावात हजर होता, त्याच्या बापाचे नाव अमुक होते, एवढेच त्यातून कळते. आणि तेवढे जवळजवळ निर्विवाद असते. ‘वतनदारांखेरीज कुणाचा माग लागत नाही’ असे जे सर्रास म्हटले जाते, ते वंशावळीलाच पुरावा मानल्यामुळे. दुसऱ्याच्या कागदात शोधले तर बलुतेदारही सापडतो.

गेल्या सव्वाशे वर्षांसाठी तर तलाठ्याच्या दफ्तराइतका बोलका साक्षीदार नाही. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यापासून हक्कनोंद सुरू झाली, आणि खातेदार मेला की वारसांचा फेरफार पडू लागला. गाव नमुना ६ मधली नोंद साधारण अशी असते (नावे नमुन्यादाखल): ‘खातेदार रामा बिन धोंडी मयत. वारस मुलगे १ गणू, २ बाबू, ३ विठू वय ९ अ.पा.क. आई सखू. पैकी गणू याचे नाव ए.कु.मॅ. दाखल.’ खाली तारीख, सर्कलची सही. दोन-तीन ओळींत पाच पुरुषांची नावे, एका बाईचे नाव, भावांचा क्रम आणि धाकट्याचे वय. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, हे ज्याला ठाऊक नाही तो नुसता सातबारा पाहतो. त्यावर एकट्या गणूचे नाव असते. तो गणूला एकुलता एक ठरवून झाड काढतो. बाबू आणि विठू गिरणीत कामाला गेले असतील तर त्यांची नातवंडे परळ-लालबागेत बसून मूळ गाव शोधत राहतात. कुलवृत्तांतात ज्या सखूचे नाव ‘पत्नी’ म्हणूनही येत नाही, ती इथे नावानिशी उभी आहे, कारण पोर अज्ञान होते आणि कायद्याला कुणीतरी जबाबदार हवे होते.

गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्याच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत जमीन नसलेल्यांची घरेही येतात. प्लेगाच्या किंवा १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या दिवसांत एकाच घरातली तीन-चार नावे लागोपाठ आली की, वंशावळीतली एखादी फांदी मधेच का खुंटली याचा वेगळा खुलासा लागत नाही. शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर तसे कामाचे, पण जन्मतारखेसाठी नव्हे. मास्तरांच्या सोयीमुळे अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे.

आणि ज्यांच्याकडे वंशावळ, वतन, जमीन यांतले काहीच नव्हते, अशांचे सर्वांत नेमके वर्णन सापडते ते समुद्रापलीकडे. १८३४ पासून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर करारबंद मजूर जाऊ लागले. रत्नागिरीकडून गेलेली मराठी माणसेही त्यांत होती. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची नोंदपुस्तके आहेत: क्रमांक, नाव, आईबापांची नावे, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जहाज. पुढे पुढे तर छायाचित्रेही. गावाच्या नावाचे साहेबी स्पेलिंग सोडवताना घाम फुटतो, हे खरे. पण मालकाला पळालेला मजूर ओळखता यावा म्हणून लिहिलेल्या त्या वर्णनात खोटा मोठेपणा घुसायला जागाच नव्हती.

यावर प्रतिपक्षाचा जोरकस सवाल असा येईल: फेरफारातही बहिणींची नावे गाळली जातात, वारसांतही लबाडी होते, मग तो कागद तरी निर्मळ कसा? निर्मळ नाहीच. पण त्यातली लबाडी आजच्या जमिनीसाठी असते, आठ पिढ्यांपूर्वीच्या पुरुषासाठी नसते. नोटीस लागते, हरकत घेणारा शेजारी जिवंत असतो आणि तारीख त्याच दिवसाची असते. लबाडी कुठे असेल हे ठाऊक असलेला साक्षीदार उलटतपासणीला परवडतो. उपाध्यायांच्या चोपड्यालाही मी हाच गज लावतो. यात्रेकरूने स्वतः लिहिलेला लेख असेल तर त्याने सांगितलेले भाऊ, मुलगे, गाव यांवर बराच भरवसा ठेवावा. त्याच लेखात वर दिलेले सात पुरुष हे त्याने ऐकलेले आहेत, पाहिलेले नाहीत. एकाच पानावर दोन प्रतींचा पुरावा असतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

वंशावळ ही मागणीतून जन्मते, हे जुन्या काळापुरतेच आहे असे समजू नये. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला आजही वंशावळीचे शपथपत्र लागते आणि ठराविक तारखेपूर्वीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. आरक्षणाच्या वादात शिरण्याचे इथे कारण नाही. लक्षात घेण्याजोगे एवढेच की, या यंत्रणेनेही शपथपत्रावरची वंशावळ एकटी पुरेशी मानली नाही. तिने पाहिले ते खासरा पत्रक, कोतवाल बुक आणि शाळेचे रजिस्टर. नोंद सापडते जुन्या कागदात, आणि त्या माणसाशी अर्जदाराचे नाते जोडते ती वंशावळ. म्हणून शंका घेतली जाते ती या जोडावर. घरच्या इतिहासातही हा जोडच तपासायचा असतो, आणि तिथे मात्र आपल्याला शंका घेणे जिवावर येते.

तर मग कुलवृत्तांत अडगळीत टाकायचे का? मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्यांनी ते जमवले त्यांनी शेकडो घरांना पत्रे पाठवली, गावोगाव हिंडले, पदरमोड केली. त्या ग्रंथांतल्या, ते छापले तेव्हा हयात असलेल्या माणसांच्या आणि त्यांच्या बाप-आज्यांच्या नोंदी सोन्यासारख्या आहेत. फक्त वाचताना पेन्सिल हाती घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: हे कुणी सांगितले, त्याने त्या माणसाला पाहिले होते का, आणि सांगण्यात त्याचे काय अडले होते. ज्या नावापुढे तिन्ही रकाने कोरे राहतील, तिथून वरची रेघ तुटक काढावी. आणि शेवटची पाने चुकवू नयेत. अनेक कुलवृत्तांतांत तिथे मूळ झाडाला न जुळलेल्या शाखा दिलेल्या असतात. आडनाव एक, गोत्र एक, गावही कधी एकच, पण दुवा मिळाला नाही म्हणून वेगळ्या ठेवलेल्या. त्या जोडून टाकणे संपादकाला सहज जमले असते. भाऊबंदांचा तसा आग्रहही झाला असेल. त्याने त्या तशाच ठेवल्या. ग्रंथाचा बाकीचा भाग किती विश्वासाचा हे ठरवायचे असेल तर मी आधी ती पाने उघडतो.